शेततळं एक कोटीचं, विहीर दोन तासांची

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं पैशाबद्दल चाललंय. "त्याचं एक कोटीचं आहे, वरच्या वस्तीवर तर औंदा दोन कोटीचं झालं." टपरीवर चहा पिता पिता असं बोलणं चालू असतं आणि विषय असतो शेततळ्याचा, कोटी म्हणजे लिटर. मी पाण्यावर रिसर्च करते, म्हणजे पगार त्याचाच मिळतो (प्रोजेक्ट चालू असेल तोवर), आणि आमच्या सगळ्या कागदांमध्ये घनमीटर, दशलक्ष घनमीटर, टीएमसी अशी मापं असतात. पण नगर जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात हिंडायला लागल्यापासून सगळ्यात कामाची दोन मापं मला लोकांकडूनच मिळालीत. एक हे कोटी. दुसरं तास. विहीर किती रुंद, किती परस खोल हे कोणी आपणहून सांगत नाही, सांगतात ती किती तास चालते ते. "दिवाळीला आठ तास चालायची, आता दोन तासातच मोटार हवा धरती."

या दोन मापांचं एकमेकांशी काय नातं आहे यावर मला बरंच बोलायचंय, कारण माझ्या क्षेत्रातले लोक (मीही त्यातच) पहिलं माप मोजतात, त्याला मार्क देतात, आणि दुसऱ्याला कॉलमच नसतो.

जलसुरक्षा या विषयावर आता इतकं लिहून झालंय की वाचूनच तहान लागावी. २००७ मध्ये वर्ल्ड बँकेच्या ग्रे आणि सॅडॉफ या दोघांनी केलेली व्याख्या जवळपास प्रत्येक पेपरच्या पहिल्या पानावर सापडते: आरोग्याला, पोटापाण्याला, निसर्गाला आणि उत्पादनाला पुरेल इतकं, बऱ्या दर्जाचं पाणी, आणि पाण्यामुळे येणारी संकटं सोसण्याइतपत. व्याख्येला नावं ठेवण्यासारखं काही नाही, पण "कोणाला" हा प्रश्न तिने वाचणाऱ्यावर सोडलाय आणि वाचणारा तो पुढच्यावर सोडतो. त्याच्याही आधीपासून चालत आलेलं माप म्हणजे माणशी पाणी. स्वीडनच्या मालिन फाल्कनमार्क बाईंनी ते रूढ केलं, वर्षाला माणशी १७०० घनमीटरच्या खाली गेलात की ताण, १००० च्या खाली गेलात की टंचाई. केंद्रीय जल आयोगाच्या हिशोबाने २०२१ साठी भारताचा आकडा १४८६ घनमीटर. हा आकडा मी कितीतरी प्रेझेंटेशनमध्ये पहिल्याच स्लाइडवर बघितलाय, स्वतः पण लावलाय, पण त्यात ब्रह्मपुत्रा आहे आणि आपली माण नदी पण आहे, आसामचा पूर आणि सांगोल्याचा टँकर एकत्र करून भागाकार केलाय. सरकारी धोरणाला तो लागत असेलही. गावात उतरल्यावर त्याचं काही होत नाही.

मग आमच्यातल्याच शहाण्या लोकांनी सांगितलं की पाणी नका मोजू, माणसाला विचारा. २०१९ पासून एक बारा प्रश्नांची पट्टी जगभर वापरतात, गेल्या चार आठवड्यांत पाण्याची चिंता वाटली का, पाणी नाही म्हणून कपडे धुवायचे राहिले का, हात धुवायचे राहिले का, तहानलेलं झोपावं लागलं का वगैरे. प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क, बेरीज १२ किंवा जास्त आली की ते घर पाण्याच्या बाबतीत असुरक्षित. मला ही पट्टी मनापासून आवडते कारण तिची उत्तरं बायका देतात आणि खरी देतात. पण चार आठवडे! आमच्याकडे नोव्हेंबरात विचारलं तर सगळं गाव सुरक्षित, मे महिन्यात विचारलं तर अर्धं गाव टँकरच्या रांगेत, आणि फंड देणाऱ्यांच्या कॅलेंडरप्रमाणे सर्व्हे हमखास दिवाळीनंतर लागतो, हवा चांगली असते, विद्यार्थी मोकळे असतात, विहिरी भरलेल्या असतात.

तर आमच्या प्रोजेक्टात या सगळ्याचं मिश्रण करून घराघराला एक निर्देशांक द्यायचा होता. घरात नळ आहे का, किती अंतरावरून पाणी आणता, स्वतःची विहीर आहे का, आणि साठवण. साठवणीत शेततळं असेल तर भरपूर मार्क. पद्धत म्हणून हे सगळीकडे असंच चालतं, हवामान बदलाच्या कुठल्याही अहवालात शेततळं हे "जुळवून घेणं" या सदरात येतं, फोटोसकट. मला पहिल्या मीटिंगपासून हे खुपत होतं आणि मी तसं बोलले पण होते, पण खुपणं हा काही पुरावा नाही, म्हणून मोजायला लागले.

आधी शेततळं कसं असतं ते सांगते, कारण हायवेवरून जाताना ते नुसतं मोठं हिरवं पाण्याचं चौकोन दिसतं. सरकारी योजनेत मूळ कल्पना अशी की रानातून वाहणारं पावसाचं पाणी खोलगट जागी अडवायचं आणि पावसाने दडी मारली की एकदोन पाळ्या द्यायच्या. फळबागवाल्यांच्या शेततळ्याची रचनाच वेगळी. खोदून निघालेला मुरूम चारी बाजूंनी रचून उंच बांध केलेला असतो, आत काळा प्लॅस्टिकचा कागद, ५०० मायक्रॉनचा, काठावर मातीत दाबून टाकलेला. बांध जमिनीपासून इतका वर असतो की पावसाचं वाहतं पाणी आत जायला वाटच नसते. आत जातं ते एक आकाशातून थेट पडलेलं, आणि बाकी सगळं विहिरीवरून किंवा बोअरवरून आलेल्या पाइपातून. काठावर उभं राहिलं की तो पाइप दिसतो, तोंडाला चिंधी बांधलेली, आणि चारी कोपऱ्यांत आत सोडलेले दोर, त्याला गाठी मारलेल्या किंवा ट्यूब बांधलेली, कारण कागद इतका निसरडा असतो की आत पडलेल्या माणसाला पोहता येत असलं तरी वर येता येत नाही. दरवर्षी पेपरात बातम्या असतात. कुंपण घातलेलं असेल तर बरं, नाहीतर कुत्रीमांजरं, हरणं, पोरं.

आता हिशोब. आपल्या राज्याचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसॉल्टवर बसलाय, लाव्ह्याचे थरावर थर. प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र, कुजका, ज्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात, आणि खाली काळा पाषाण, त्यात नशिबाने फट असेल तर पाणी. या खडकात मुळात मावतंच थोडं. भूजलाच्या मोजदादीत असा खडक शंभर लिटर रिकामा केला तर हाताला १ ते ३ लिटर पाणी लागतं असं धरतात. गंगेकाठच्या वाळूच्या गाळात हेच १६ वगैरे येतं. आपण २ टक्के धरू. एक हेक्टर जमिनीखालची पातळी एक मीटरने उतरली तर निघतं २०० घनमीटर पाणी, म्हणजे दोन लाख लिटर. एक कोटीच्या शेततळ्याला असे ५० हेक्टर लागतात. सव्वाशे एकर रानाखालचं पाणी एक मीटरने खाली गेलं की एक शेततळं भरतं, एकदाच. आणि आम्ही मोजतो त्या विहिरींमध्ये पावसाळा संपल्यावरच्या आणि उन्हाळ्यातल्या पातळीत फरकच मुळी पाच-सात मीटरचा असतो. त्यात सगळ्यांचं पिणं, जनावरं, रब्बीची ज्वारी, कांदा, सगळं भागवायचंय. आणि एका गावात एकच शेततळं असं कुठे नसतं.

आकडा डोळ्यासमोर येत नसेल तर २०१६ आठवा. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं होतं, चॅनेलवर दिवसरात्र तेच. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिण्यांची पूर्ण गाडी, साधारण २५ लाख लिटर. म्हणजे एका शहरासाठी अख्ख्या देशाने बघितलेल्या त्या मोठ्या गाडीच्या चार खेपा आमच्याकडच्या एका बागाईतदाराच्या बांधाआड उभ्या असतात.

आणि त्यातलं काही उन्हात जातं. साधारण पन्नास मीटर बाय पन्नास मीटरचं पाणी, फेब्रुवारी ते मे, दिवसाला सहा-सात मिलिमीटर जरी उडालं आणि तळं भरलेलं राहिलं तर चार महिन्यांत वीस लाख लिटरच्या आसपास हवेत. जमिनीखाली होतं तेव्हा हे पाणी उन्हापासून लांब होतं, फुकटात, कागदाचा खर्च नव्हता. ते वर आणून, वीज जाळून, आपण उन्हात पसरून ठेवतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोराला सांगितलं तर तो हसेल.

पण तो शेतकरी हसण्यावारी नेण्यासारखा नाही, हे मला इथे ठासून लिहायचंय, कारण पुण्यामुंबईत हे वाचून लोक लगेच पाण्याचे चोर वगैरे म्हणायला लागतात. ज्यांच्या शेततळ्याच्या काठावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला ते गृहस्थ अण्णा म्हणूनच सगळ्यांना माहीत. २०१२-१३ च्या दुष्काळात त्यांनी डाळिंबाची झाडं टँकरने जगवली, व्याजाने पैसे काढून, शेजारच्यांनी बागा तोडल्या तेव्हा. झाड एकदा लावलं की त्याला मे महिन्यात सांगता येत नाही की या वर्षी राहू दे. बँकेचा हप्ता पण मे महिन्यात थांबत नाही. खडकाच्या पोटातलं पाणी मे महिन्यात आपल्याला मिळेल याची खात्री कोण देतं? कोणीच नाही. ते सगळ्यांचं संयुक्त खातं आहे, पासबुक नाही, आणि ज्याची मोटार मोठी तो आधी काढतो. अशा खात्यात पैसे ठेवण्यापेक्षा काढून आणून घरात ठेवणं हेच शहाणपणाचं, आणि अण्णांनी तेच केलं.

वर त्यांचा एक मुद्दा असा आहे की ज्याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. ते म्हणाले, "मॅडम, सप्टेंबरात विहीर काठोकाठ येती, ओढा वाहतो. ते ओढ्याचं पाणी कुठलं, आमच्याच रानातून पाझरलेलं ना? मी ते धरून ठेवलं तर कुणाचं गेलं?" हे भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने अगदीच बरोबर आहे. आपला खडक लवकर भरतो आणि लवकर गळतो, पावसाळ्यानंतर ओढ्याला जे नितळ पाणी दोनतीन महिने असतं ते बहुतेक जमिनीतूनच येतं. विहीर तुडुंब असताना उपसली तर थोड्या दिवसांत ती परत भरते. ओढ्याखालच्या गावाचं काहीतरी जातंच, पण तेवढ्यापुरतं अण्णांचं म्हणणं मान्य. गोम अशी की शेततळं एकदा भरून गप्प बसायचं नसतं. पेरूला, डाळिंबाला, कांद्याला त्यातून पाणी दिलं जातं आणि ते परत भरलं जातं, डिसेंबरात, जानेवारीत, रात्रीची लाईट असेल तेव्हा रात्रभर, मोटारीला ऑटो स्टार्टर, लाईट आली की आपोआप चालू, माणूस झोपलेला. सप्टेंबरातलं भरणं आणि जानेवारीतलं भरणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत आणि आमच्या निर्देशांकात दोन्हीला सारखेच मार्क.

अण्णांच्या रानाच्या खालच्या अंगाला एका मावशींची विहीर आहे. जुनी, दगडी बांधणीची, कडेला उंबर. तीन एकर रान, दोन म्हशी. विहिरीत आडवे बोअर मारून झालेत, दोनदा गाळ काढून झालाय. पोरगं चाकणला कंपनीत आहे, रान कसायचं मावशींनीच. मी फॉर्म घेऊन बसले की त्या मला उत्तरं सांगायच्या, पण मधेच म्हणाल्या, "अगं तू नुसतं विहीर आहे का नाही लिवती. आहे की विहीर. तास लिवायला जागा आहे का तुझ्या कागदात?" नव्हती. फॉर्मप्रमाणे मावशी स्वतःच्या विहिरीचे पूर्ण मार्क घेऊन बऱ्यापैकी सुरक्षित होत्या. मग त्यांनी तोंडपाठ सांगितलं, पोळ्याला किती तास, दसऱ्याला किती, दिवाळीला किती, संक्रांतीला किती, आणि होळीला मोटार काढूनच ठेवायची. सणाच्या तिथी धरून सांगितलेला तो अख्खा हायड्रोग्राफ होता, म्हणजे विहिरीतलं पाणी वर्षभर कसं चढतं-उतरतं त्याचा आलेख, आणि त्यात संक्रांतीचा आकडा दरवर्षी कमी होत चाललेला.

पुढे आम्ही काही विहिरींमध्ये लॉगर सोडले. बोटाएवढ्या नळीसारखं यंत्र असतं, दर पंधरा मिनिटांनी पाण्याची पातळी नोंदवतं. त्याचा ग्राफ काढला की करवतीच्या दात्यांसारखी रेघ येते, मोटार चालू झाली की खाली, बंद झाली की हळूहळू वर. पण काही विहिरींमध्ये मोटार बंद असतानाही रेघ खाली जाताना दिसते, आणि तारखा जुळवल्या की कळतं त्या आठवड्यात रात्रीची लाईट होती. म्हणजे दुसरं कोणीतरी ओढतंय. गंमत इथून पुढे आहे. कोण ओढतंय ते बांधाला बांध लागून आहे त्यावर ठरत नाही. पाणी खडकातल्या फटींच्या दिशेने आणि मांजऱ्याच्या उताराने जातं. मावशींचं भांडण होतं पश्चिमेच्या बांधावरच्या चुलत दिराशी, बरीच वर्षं, बोलणं बंद, पोराच्या लग्नाला पण नाही. लॉगरमध्ये त्यांच्या विहिरीचा दिराच्या विहिरीशी काही संबंधच दिसेना. पलीकडे तीन रानं सोडून असलेल्या विहिरीशी मात्र दोन्ही रेघा एकमेकींच्या मागोमाग चालत होत्या, आणि त्या विहिरीवरून अण्णांचं शेततळं भरतं. मावशी आणि अण्णा यांचं उत्तम, अण्णा त्यांच्या म्हशींना कडबा देतात.

हे बघितल्यावर मला वाटायला लागलं की आपण सुरक्षितता घरागणिक मोजतो तिथेच गाडी चुकीच्या फाट्याला लागते. खडक घरागणिक वाटलेला नाही. अण्णांचा स्कोअर वर जाण्याचं आणि मावशींचं संक्रांतीचं पाणी कमी होण्याचं कारण एकच आहे, पण आमच्या टेबलमध्ये ती दोन वेगवेगळी घरं, दोन वेगळ्या ओळी, आणि गावाची सरासरी काढली तर शेततळी वाढली म्हणून गाव एकूण जास्त सुरक्षित झालेलं! फाल्कनमार्क बाईंच्या भागाकारावर हसणारी मी, आमचाही भागाकारच.

कायदा काय म्हणतो हे लोक नेहमी विचारतात. १८८२ चा सुखाधिकाराचा कायदा, इंग्रजांच्या काळचा, त्याच्या आधारे जमीन ज्याची त्याच्या खालचं पाणी त्याचं असंच आपण धरून चालतो. महाराष्ट्राने १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर नको असा कायदा केला. मग २००९ चा भूजल अधिनियम, जो २०१४ मध्ये लागू झाला, त्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं आहेत, पाणलोटाच्या समित्या आहेत, पीक आराखडा आहे, वाचायला फार छान आहे. आमच्या तालुक्यात बोअरची गाडी रात्री येते आणि सकाळपर्यंत चारशे-पाचशे फूट करून जाते. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. खोल बोअर नुसतं खालचं पाणी आणत नाही, तो वरच्या थरालाही भोक पाडतो, वरचं पाणी त्यातून खाली निथळतं, म्हणजे उथळ विहिरीवाला दोन्हीकडून मेला. त्यात वीज बऱ्याच शेतीपंपांना हॉर्सपॉवरवर आकारलेली, किती उपसलं याला मीटर नाही, आणि २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत तीही माफ. मी वीजमाफीच्या विरोधात वगैरे नाही, शेतकऱ्याचं बाकीचं गणित बघितलं तर बोलायची हिंमतच होत नाही, फक्त इतकंच की वीजबिलावरून उपशाचा काही अंदाज यायची जी उरलीसुरली शक्यता होती ती पण गेली.

याच महाराष्ट्रात याचं उत्तर कोणी शोधलंच नाही असं नाहीये. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावला १९७४ च्या सुमाराला पाणी पंचायत उभी केली. माणसं मोजून पाणी, माणशी अर्ध्या एकराला, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, ऊस लावायचा नाही, आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा. पाण्याचा हक्क जमिनीपासून सोडवून घेणं हे पन्नास वर्षांपूर्वी एका इंजिनिअर कारखानदाराला सुचलं, आमच्या पेपरांमध्ये ते अजून "भविष्यातील संशोधनाची दिशा" म्हणून शेवटच्या परिच्छेदात येतं. हिवरे बाजारचं तर सगळ्यांना पाठ आहे, पोपटराव पवार, १९९० पासूनचं काम, पण तिथे जाऊन आलेले लोक चर आणि बंधाऱ्यांचे फोटो दाखवतात. शेतीसाठी बोअर बंद, ऊस-केळी बंद, आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर पाण्याचा जमाखर्च मांडून मग रब्बीत काय पेरायचं ते ठरवायचं, या गोष्टींचा फोटो येत नाही.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांची पीएचडी पण भूजलावरच होती, १९६५ ची, लॉस एंजेलिसजवळच्या वेस्ट बेसिन नावाच्या भागावर. तिथे उपसा एवढा झाला की समुद्राचं खारं पाणी जमिनीखालच्या पाण्यात शिरायला लागलं. उपसणाऱ्यांनी आपली संघटना केली, कोर्टात जाऊन आपापला उपसा कमी करून घेतला, आणि किनाऱ्यालगत विहिरींची रांग करून त्यातून गोडं पाणी उलट जमिनीत सोडलं, समुद्राला थोपवायला. सामायिक साधन म्हटलं की लोक ते ओरबाडून संपवतातच असं नाही, हे त्यांनी पुढे आयुष्यभर दाखवलं आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या सेमिनारमध्ये ऑस्ट्रॉमचं नाव दर दहा मिनिटांनी येतं. पण वेस्ट बेसिनमध्ये कोण किती उपसतंय याचे आकडे टेबलावर आणता आले होते, तेव्हा कुठे तडजोड झाली. आमच्याकडे आकडे म्हणाल तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी, वर्षातून चार वेळा मोजलेल्या, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. ते काम फार मोलाचं आहे, चांगल्या-वाईट सगळ्या सरकारांच्या काळात चालू राहिलंय, त्याशिवाय आम्ही कोणीच काही लिहू शकलो नसतो. त्यावरून पाणलोट सुरक्षित, अंशतः शोषित, शोषित की अतिशोषित ते ठरतं. आमचं गाव सुरक्षितात बसतं. पाणलोट सुरक्षित आहे आणि मावशींची मोटार होळीला काढलेली आहे, दोन्ही खरं.

प्रोजेक्ट संपायच्या आधी गावाला निष्कर्ष सांगायचे असतात, प्रस्तावात तसं लिहिलेलं असतं. मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात बसलो. ग्राफ फ्लेक्सवर छापून नेले होते. आमच्या एथिक्स कमिटीचा नियम असा की कोणाची विहीर कोणती ते उघड करायचं नाही, म्हणून विहिरींना नुसते नंबर. पहिला ग्राफ लावला आणि दोन मिनिटांत मागून आवाज आला, "ही सात नंबर अण्णाची. ऑटो आहे त्याला, बघ की दाते कसे एकसारखे." सगळे हसले, अण्णा पण हसले. मग मी बाकीचे ग्राफ गुंडाळून ठेवले आणि नुसता सव्वाशे एकराचा हिशोब फळ्यावर मांडला, नावाशिवाय. हसणं थांबलं. कोणीतरी म्हणालं की मग दिवाळीनंतर विहिरीवरून तळं भरायचं बंद करू. लगेच दुसरा, परतीचा पाऊस दिवाळीला पडला तर? तिसरा, रात्री कोण बघायला जाणार? एका तरुण पोराने सरळ सांगितलं, त्याचं नवीन तळं झालंय, कर्ज आहे, त्याला हे जमणार नाही आणि ज्याला जमतं त्याने करावं. मला त्याचा रागही आला आणि खरं बोलला म्हणून बरंही वाटलं. कोपऱ्यात बायकांमध्ये बसलेल्या मावशी सगळ्या वेळात एक अक्षर बोलल्या नाहीत. निघताना म्हणाल्या, "दिराचं नाही व्हय ते."

ठरलं ते इतकंच की गावातल्या काही विहिरींचे तास दर सोमवारी, बाजारच्या दिवशी, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायचे. लिहिणार कोण, तर नळाचं पाणी सोडणारा माणूस, तो तसाही गावभर फिरतो. अण्णांनी स्वतःच्या विहिरीचे तास द्यायचं कबूल केलं. त्या पोराने नाही केलं. भरायची तारीख ठरली नाही. याला यश म्हणायचं की नाही हे मला विचारू नका, फंड देणाऱ्यांच्या फॉर्ममध्ये "समुदाय सहभाग: होय" असं टिक केलंय.

निर्देशांकाचं म्हणाल तर प्रोजेक्टच्या सरांशी बरीच हुज्जत झाली. माझं म्हणणं होतं शेततळ्याला मार्क देताना ते कुठून आणि कोणत्या महिन्यात भरतं ते विचारा, जानेवारीत विहिरीवरून भरत असेल तर मार्क देऊच नका. सरांचं म्हणणं, मग इतर देशांतल्या साइट्सशी तुलना कशी करणार, प्रश्नावली सगळीकडे एकच हवी. त्यांचंही बरोबर आहे, तुलना हा त्यांच्या कामाचा कणा आहे. शेवटी तास हा वेगळा कॉलम म्हणून आला, निर्देशांकात न धरता, आणि पेपर पाठवला. रिव्ह्यूअरने बाकी सगळं सोडून नेमकं तेच पकडलंय, तास या मापाचं प्रमाणीकरण काय, पंपांची क्षमता वेगवेगळी असेल तर तुलना कशी. प्रश्न रास्त आहे. मोटारींवर लिहिलेल्या एचपीवर जाण्यात अर्थ नाही, निम्म्या रिवाइंड केलेल्या, पाटीवर पाच आणि ओढतात साडेसातचं. त्यामुळे आता दोनशे लिटरचा ड्रम आणि स्टॉपवॉच घेऊन प्रत्येक विहिरीवर जाऊन पाइपाखाली ड्रम किती सेकंदात भरतो ते मोजायचंय, आणि या आठवड्यात आमच्या फीडरला लाईट रात्री साडेदहाची आहे.